पाठकोरी छायाचित्रे

झाडीपट्टी रंगभूमीची जुनी छायाचित्रे आणि हस्तपत्रके गोळा करण्याचे काम मी गेली वीस-बावीस वर्षे करतो आहे. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. जे काही शिकलो ते ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या भागांतल्या घरांमधल्या पत्र्याच्या पेट्या उघडताना शिकलो. पेटीत लग्नाची पत्रिका, सातबारा, औषधाची चिठ्ठी आणि त्यांच्या तळाशी दहा-वीस फोटो असतात. कडा कसरीने खाल्लेल्या, मधे बुरशीचे डाग. मी आधी फोटो उलटा करून पाहतो. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, बॉलपेनने नाटकाचे नाव, गाव, मंडईचे साल आणि ‘डावीकडून तिसरा मामा’ असे काहीतरी लिहिलेले असते. चेहऱ्यापेक्षा मला ती पाठ अधिक मोलाची वाटत आली आहे.

आता मी पेटी मागतो तेव्हा घरातली मुले म्हणतात, ‘काका, सगळे ऑनलाइन आहे.’ हे उत्तर मिळू लागल्याला बरीच वर्षे झाली. सुरुवातीला मला हायसे वाटले होते. पुढे लक्षात आले, की अलीकडच्या वीस वर्षांतली जी छायाचित्रे माझ्या संग्रहात ओळखीसह जमा झाली, ती 1975 ते 1995 या काळातल्या छायाचित्रांपेक्षा कमी आहेत. फोटो काढले गेले त्याच्या कितीतरी पट जास्त, हाती लागले कमी. असे का व्हावे? ऑनलाइन साठवणीकडे सोय म्हणून न पाहता दप्तरखाना म्हणून पाहावे आणि दप्तरखान्याला लावतो त्या कसोट्या तिला लावाव्यात, असा या लेखाचा प्रयत्न आहे.

पहिली कसोटी टिकण्याची. 2013 साली फ्लिकरने प्रत्येकाला फुकट एक टेराबाइट जागा देऊ केली. 2018मध्ये ती सेवा स्मगमगकडे गेली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा जाहीर झाली. हजारापुढचे फोटो काढून टाकताना सर्वांत जुने आधी जातील, असे कळवण्यात आले. माझ्यासारख्याला त्या घोषणेतला हा भाग विसरता येत नाही. दप्तरखान्यात जुने ते आधी जपायचे असते, येथे जुने ते आधी जाणार होते. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. गुगल फोटोजने मे 2015मध्ये थोडे दाबलेले फोटो अमर्याद साठवण्याची सोय दिली आणि 1 जून 2021पासून नव्या फोटोंसाठी ती थांबवली (आधीचे फोटो मात्र मोजणीतून वगळले, हे नोंदवले पाहिजे). आता टपाल, कागदपत्रे आणि फोटो मिळून पंधरा गिगाबाइट. 2023मध्ये गुगलने असेही ठरवले, की दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतल्या मजकुरासकट काढून टाकता येईल. या कंपन्यांनी फसवणूक केली असे माझे म्हणणे नाही. त्यांनी अटी लिहिल्या होत्या. आपण दुकानदाराच्या गोदामाला देवघर समजलो.

दुसरी कसोटी, फोटो तिथवर पोहोचतो का? या प्रकारच्या बहुतेक ॲपमध्ये मूळ मांडणी अशी असते, की वाय-फाय मिळाल्यावरच फोटो वर चढवायचे. ज्याने ही मांडणी केली त्याच्या डोळ्यांपुढे संध्याकाळी माणूस परततो ते वाय-फाय असलेले घर होते. कोरची किंवा एटापल्लीकडच्या गावात इंटरनेट म्हणजे सिमकार्डावरचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा, तोही टॉवर असेल तर. तेव्हा फोटो फोनमध्येच पडून राहतात आणि मालकाला वाटते, ते केव्हाच वर गेले. मग फोन भरतो. जागा करायची म्हणून तो फोटो पुसतो. जे खरोखर वर गेलेले असतात त्यांचेही त्याच ॲपमधून पुसले की दोन्हीकडचे जाते, कारण ही जोडणी आरशासारखी असते. इकडे हात हलवला की तिकडे हलतो. आपण त्याला बॅकअप म्हणतो, पण बॅकअप म्हणजे मूळ प्रतीला काही झाले तरी दुसरी जागची हलत नाही अशी व्यवस्था. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराच्या नावावर असलेला नियम तीन प्रतींचा आहे. त्या दोन वेगवेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. आपल्याकडे बियाण्याचे धान कोणी एकाच कणगीत ठेवत नाही, हे येथे आठवते.

कागदाचा मी पक्षपाती आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. भामरागडला पर्लकोटेचे पाणी पावसाळ्यात गावात शिरते, 2019ला तर वारंवार शिरले. चिकटपट्टीच्या अल्बममधले फोटो एकदा भिजले की एकमेकांना धरून बसतात, सोडवायला गेले की चेहरे निघून येतात. अशा एका घरी लग्नाचे फोटो परत मिळाले ते नागपूरच्या भाच्याने ऑनलाइन ठेवलेल्या प्रतींमुळे. पुराला आणि वाळवीला हरवण्यात ही साठवण कागदाच्या फार पुढे आहे. तिचे दुबळेपण दुसरीकडे आहे.

ते मला नीट दिसले एका नटाच्या घरी. वडसा ही झाडीपट्टी नाटकांची पेठ. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात आणि नाटकांचे बुकिंग तिथूनच होते. हा नट जवळपास तीस हंगाम उभा राहिला आणि 2021च्या उन्हाळ्यात कोरोनाने गेला. शेवटच्या दहा-बारा वर्षांतले फोटो त्याने स्वतः जपून एका ऑनलाइन खात्यात चढवलेले होते. फोनचा कुलूपक्रमांक कोणाला ठाऊक नव्हता. मुलाने दुसऱ्या फोनवरून खाते उघडायचा प्रयत्न केला तर ओटीपी वडिलांच्या नंबरावर जाणार, आणि तो नंबर रिचार्ज न केल्याने बंद झालेला. मुलाने मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला, एक ठरीव उत्तर आले, पुढे काही नाही. वहिनी मला म्हणाल्या, ‘फोटो आहेत जी भाऊ, पन अंदर आहेत.’

पेटीला वारस असतो. किल्ली हरवली तर लोहार असतो. खाते एका माणसाचे असते, घराचे नसते. याची जाणीव कंपन्यांना नाही असे नाही. गुगलने 2013मध्ये खाते निष्क्रिय झाल्यास कोणाला काय द्यायचे ते ठरवून ठेवण्याची सोय केली, ॲपलने 2021च्या डिसेंबरात वारस-संपर्काची. आपल्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. पण बँकेच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना समोर येतो, तसा हा येत नाही. तो शोधावा लागतो, आणि मी ज्या घरांत जातो तिथे तो भरलेला एकही माणूस मला भेटलेला नाही.

आणि समजा कुलूप उघडले, तर? एका तरुण कलाकाराने विश्वासाने मला आपले खाते दाखवले. अकरा हजारांवर फोटो. प्रत्येकात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव, कुठे कुठे ठिकाणसुद्धा. जे व्हॉट्सॲपवरून आले त्यांच्यातून तेही गळालेले. पण नाव कशालाही नाही. यंत्राने चेहऱ्यांचे गट पाडले होते. एकाच दंडारीतला साडी नेसलेला पोरगा आणि रंग पुसून चहा पिणारा तोच पोरगा, यंत्राच्या लेखी ही दोन माणसे! पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो असत, धुऊन आणायला पैसे पडत, म्हणून मागे लिहिले जाई. आता लिहायला पाठच नाही. वर्णनाचा रकाना असतो, पण गुगल टेकआउटमधून आपला संग्रह बाहेर काढला की ते वर्णन फोटोसोबतच्या वेगळ्या फाइलीत येते. फोटो एकीकडे आणि नाव दुसरीकडे. ती बारकी फाइल निरुपयोगी समजून पुसणारे मी पाहिले आहेत.

रोलाँ बार्थने 1980च्या आपल्या पुस्तकात आईच्या लहानपणीच्या एका फोटोवर पानेच्या पाने लिहिली आणि तो फोटो मात्र छापला नाही. तरी पुस्तक उभे राहते, कारण तो कोणाचा, कुठला, तिचे वय तेव्हा काय, हे त्याला माहीत होते. आपली गत उलटी आहे. फोटो आहे, तो कोणाचा हे गेले. याहून जवळचे उदाहरण हायमेंडॉर्फचे. राजुऱ्याच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामी राज्यातल्या आदिलाबादेत त्याने 1940च्या दशकात गोंडांचे फोटो काढले. ते आज लंडनच्या सोआसमध्ये ठिकाण आणि काळाच्या नोंदींसह आहेत. परक्या माणसाने काढलेल्या फोटोंना पाठ आहे, आणि त्याच भागातल्या घराघरांत आपल्याच माणसांनी काढलेले फोटो पाठकोरे आहेत. हे मला बोचते.

मी सध्या एवढेच करतो. प्रत्येक घरी अकरा हजारांतले चाळीस निवडायला लावतो. म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून नावे विचारतो आणि ती फाइलीच्या नावातच घालतो. साल, गाव, नाटक, डावीकडून कोण. एक प्रत घराच्या पेनड्राइव्हवर, एक माझ्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन; शिवाय दहा फोटोंचे प्रिंट. एका घराला दोन दिवस लागतात. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरचे लोक माझ्याकडे झाडीपट्टीचे फोटो मागतात. त्यांना जुने लगेच देता येतात. अलीकडचे द्यायचे तर नावांपाशी अडते.

त्या नटाचे एकतीस फोटो सहकलाकारांच्या फोनमधून मिळाले आहेत, व्हॉट्सॲपने दाबलेले, धूसर. अठ्ठावीस ओळखले गेले. उरलेल्या तिघांत पेटीवर बसलेला एकच वादक आहे. वय पस्तिशीचे, डाव्या मनगटावर लाल दोरा, मागे निळा पडदा, पडद्यावर मंडळाच्या नावातले फक्त ‘...य मंडळ’ एवढे दिसते. वहिनींना तो सिंदेवाहीकडचा वाटतो, मुलाला आरमोरीचा. त्या हंगामांत या बाजूला पेटी वाजवणारे कोणी हे वाचत असतील तर संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. फोटो पाठवून देईन.