भीतीचं स्वयंपाकघर

आमच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षं जंगल म्हणजे एक रंगवलेला पडदा असे. वर गुंडाळला की राजवाडा, खाली सोडला की घोर अरण्य. त्याच एका वडाखाली शकुंतला लाजली, दमयंती रडली आणि बालनाट्यातली चेटकीणही तिथंच खदाखदा हसून गेली. चेटकीण आल्याची वर्दी म्हणून दिवा हिरवा करायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर कोपऱ्यात एक कवटी. पहिल्या रांगेतली पोरं त्या कवटीकडे बघत निवांत बटाटेवडा खातात!

भयकथेचं नेपथ्य म्हणजे अंधार, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'हान्सेल आणि ग्रेटेल' हा ऑपेरा एकदा पाहावा. हुंपरडिंकचा हा ऑपेरा १८९३ साली वायमारला प्रथम झाला. रिचर्ड जोन्स या दिग्दर्शकानं तो १९९८ साली वेल्श नॅशनल ऑपेरासाठी नव्यानं बसवला आणि २००७ साली तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात आला. मी पाहिला तो अर्थात चित्रीकरणात. न्यूयॉर्कचं तिकीट परवडलं असतं तर लेख कशाला लिहिले असते?

नेपथ्यकार जॉन मॅकफार्लेन. या गृहस्थांनी काय करावं? तीन अंकांना तीन खाण्याच्या जागा! पहिल्यात गरिबाघरचं भकास स्वयंपाकघर. दुसऱ्यात जंगल हवं, तर तिथं जेवणाची खोली. भिंतीवर पानांचा कागद आणि झाडं म्हणून सूट घातलेली माणसं, डोक्याच्या जागी फांद्या! तिसऱ्यात चेटकिणीचं कारखान्यासारखं स्वयंपाकघर. केकच्या घराची वाट पाहणाऱ्यांची साफ निराशा. अंकांच्या मधल्या पडद्यावर कधी ताट-काटा-सुरी, तर कधी आ वासलेलं प्रचंड तोंड.

प्रथम वाटतं, हा चावटपणा आहे. मग ध्यानात येतं, की या माणसानं गोष्ट नीट वाचली आहे. ग्रिम बंधूंच्या कथेत आईबाप पोरांना रानात सोडतात ते घरात भाकरी नाही म्हणून. चेटकीण नंतरची, आधी भूक. मूळ ऑपेरात झोपलेल्या मुलांच्या राखणीला चौदा देवदूत उतरतात. इथं चौदा आचारी येतात आणि टेबल मांडतात. उपाशी पोराच्या स्वप्नात देवदूत कशाला येईल? आला तरी हातात ताट घेऊनच येईल. हसू येतं, आणि घशात काहीतरी अडकतंही.

खोट एकच. पोरं हरवली आहेत हे काही पटत नाही. चार भिंती असलेल्या खोलीत हरवायला माणसाचं वय सत्तरीपुढचं लागतं. रान म्हटलं की थोडी तरी दिशाभूल हवी, ती भिंतीवरच्या कागदानं होत नाही.

पण आमच्या नेपथ्यकारांनी यातून एवढं जरूर उचलावं. कवटी राहू द्या. हिरवा दिवाही राहू द्या, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? फक्त पडदा उघडताच एका आईला पिठाचा डबा पालथा करून बुडावर थापटी मारताना दाखवा, आणि दारात दोन पोरं उभी करा. बटाटेवडा तोंडाशी नेलेला हात तिथंच थांबतो की नाही बघा.

शिवाय खर्च एका रिकाम्या डब्याचा. निर्माते नाही म्हणणार नाहीत.