नोंदवहीबाहेरची वस्ती

मुलाच्या मेंदूवर त्याच्या वस्तीचा परिणाम होतो का? अमेरिकेत 'एबीसीडी' नावाच्या प्रकल्पात सुमारे १२ हजार मुलांचा नवव्या-दहाव्या वर्षापासून अभ्यास चालू आहे. त्या माहितीवर आधारलेल्या २०२१ सालच्या एका निबंधाचा निष्कर्ष असा, की वंचित वस्तीतल्या मुलांना आकलनाच्या चाचण्यांत कमी गुण मिळतात आणि त्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचे क्षेत्रफळही किंचित कमी भरते. घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरली, तरी हा संबंध पुरता पुसला जात नाही. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. पण तो मुळशी तालुक्यात आणून पाहिला, की त्याची शिवण कुठे उसवते ते कळते.

तिथली 'वस्ती' म्हणजे जनगणनेसाठी आखलेला, साधारण चार हजार लोकसंख्येचा तुकडा. आपल्याकडे त्याच्या जवळपासचे एकक महसुली गाव. हिंजवडी-माणकडे पाहा. आयटी पार्क, उंच सोसायट्या, जमिनी विकलेले मूळ गावकरी आणि बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, सारे शेजारीशेजारी. सरासरी काढली की मजुराचे मूल कागदावर सुखवस्तू होते. पौडच्या पुढे कातकरी वस्ती गावाबाहेर, पुष्कळदा दुसऱ्याच्या जागेत असते. तिचे दारिद्र्य गावाच्या आकड्यात विरून जाते. शिवाय दिवाळी सरली की कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मग या मुलाची वस्ती कोणती धरायची?

दुसरी त्रुटी अधिक खोल आहे. निर्देशांकाला वस्तीचा आजचा दिवस दिसतो, भूतकाळ दिसत नाही. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळशीचे धरण झाले. त्याविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी भातखाचरे पाण्याखाली गेलीच. राजेंद्र व्होरा यांनी 'मुळशी सत्याग्रह' या पुस्तकात तो इतिहास मांडला आहे. धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाते. 'वंचित वस्ती' म्हटले की वंचितता जणू जमिनीतूनच उगवते असे वाटते. इथे ती निर्णयांनी घडवली.

तिसरा प्रश्न मेंदूच्या चित्राचा. चित्र समोर आले की संबंध म्हणजे कारण नव्हे, हे आपण विसरतो. सरासरीतला सूक्ष्म फरक एकेका मुलाविषयी काहीच सांगत नाही. पण 'यांचा मेंदूच लहान' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत पोहोचायला वेळ लागणार नाही, कारण जातीने ते आधीच शिकवून ठेवले आहे. उलट, खेकड्याचे बीळ अचूक ओळखणाऱ्या मुलाचे कौतुक करून मोकळे होणे हीसुद्धा फसवणूकच. त्या कौतुकाने त्याचे पोट भरत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुले अभ्यासली. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. हाही संबंधच आहे. पण त्याचे बोट आईच्या ताटाकडे आहे, आणि तिथे काही करता येते. मला हे संशोधन म्हणूनच अधिक मोलाचे वाटते.

मुलाच्या पावलांवरून वस्ती ठरवण्याचा धडाही आपल्याकडे आहे. १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणातही नेली. त्याउलट आजचा नियम डोकी मोजतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या वस्तीला मागेल तेव्हा अंगणवाडी मिळण्याचा हक्क दिला. निर्णय मोठाच होता. पण दहा-बारा घरांच्या कातकरी वस्तीत ४० मुले कुठून आणायची?

मेंदूचा अभ्यास मुळशीत जरूर यावा. मात्र त्याच्या अर्जात एक साधा रकाना हवा: दिवाळीनंतर हे मूल कुठे जाते? तोच रकाना अंगणवाडीच्या नोंदवहीतही हवा. हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा भट्टीकडे जाणारी बिऱ्हाडे बांधाबांध करत असतील.