प्रारंभिक समभाग विक्री बंद झाल्यानंतर : बुटीबोरी व मुकुटबनच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रारंभिक समभाग विक्रीविषयीचे आपल्याकडील बहुतेक लेखन सूचिबद्धतेच्या दिवसापाशी थांबते. किंमतपट्टा काय होता, भरणा किती पट झाला, पहिल्या दिवशी भाव काय फुटला, एवढे सांगितले की विषय संपला असे मानले जाते. ज्या प्रकल्पांसाठी पैसा मागितला त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखकास हीच या लेखनाची मुख्य उणीव वाटते.

विक्री बंद झाल्यानंतरची यंत्रणा आज निश्चितच चोख आहे. १ डिसेंबर २०२३ पासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी सूचिबद्धता बंधनकारक झाली. तत्पूर्वी वाटप ठरते, ज्यांना समभाग मिळाले नाहीत त्यांची गोठविलेली रक्कम मोकळी होते आणि इतरांच्या डीमॅट खात्यात समभाग जमा होतात. किरकोळ गटात अर्ज फार आले तर सोडत निघते. ही शिस्त आयती आलेली नाही. यस बँक व आयडीएफसी यांच्या २००५ मधील विक्रीत हजारो बेनामी खात्यांद्वारे लहान गुंतवणूकदारांचा वाटा लाटला गेला व सूचिबद्धतेपूर्वीच पैसा पुरविणाऱ्यांकडे वळविला गेला. सेबीच्या २००६ च्या आदेशात तो व्यवहार उलगडला आहे. अर्जाची रक्कम अर्जदाराच्याच खात्यात ठेवण्याची सोय त्यानंतर, २००८ मध्ये आली.

परंतु यंत्रणा चोख होणे आणि आश्वासन पाळले जाणे या भिन्न गोष्टी होत. रिलायन्स पॉवरची विक्री १८ जानेवारी २००८ रोजी सुमारे ७३ पट भरणा होऊन बंद झाली. ११ फेब्रुवारीस, किरकोळ अर्जदारास ४३० रुपयांना पडलेला समभाग ३७२.५० रुपयांवर बंद झाला. पुढे पाचास तीन बोनस समभाग मिळाल्याने त्याची सरासरी किंमत २६८.७५ रुपयांवर आली. नाराजी शमविण्याचा हा मार्ग कल्पक खरा, पण त्याने वीज निर्माण होत नाही.

माहितीपत्रकातील प्रकल्पांत नागपूरजवळचे बुटीबोरी होते. तेथील ६०० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले, चालले आणि २०१९ मध्ये बंद पडले. उपकंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली व जुलै २०२५ मध्ये अदानी पॉवरकडे आली. समभाग विक्री बंद झाल्यापासून साडेसतरा वर्षांचा हा काळ कोणत्याही भरणा-तक्त्यात दिसत नाही. मोठ्या विक्रीसाठी आज देखरेख संस्था असते, मात्र रक्कम सांगितलेल्या कामी खर्च झाली की नाही एवढेच ती पाहते. ते काम टिकले काय, हे पाहणे तिच्या कक्षेत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनची गोष्ट निराळी आहे. बिर्ला कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये रिलायन्स सिमेंट कंपनी विकत घेतली. आज आरसीसीपीएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपकंपनीच्या मुकुटबन कारखान्यात २०२२ मध्ये उत्पादन सुरू झाले. ती संपूर्णतः मूळ कंपनीच्या मालकीची असल्याने तिचा समभाग बाजारात मिळत नाही. चुनखडीच्या पट्ट्यात राहणाऱ्यास येथे अर्जदार होण्याचीही संधी नव्हती. घ्यावयाचा तर मूळ कंपनीचा समभाग घ्यावा, आणि मुकुटबनविषयी जे काही कळेल ते तिच्या वार्षिक अहवालातून. वाणिज्य शाखेच्या वर्गात माहितीपत्रकाबरोबर हे अहवालही वर्षानुवर्षे लावून वाचावयास हवेत.