सापडले नाही, की वाचलेच नाही?

सिंदी मेघे येथे विद्यार्थ्यांनी टिपलेल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आम्ही संगणकावर शोधत होतो. शोधचौकटीत ‘विहीर’ लिहिले. उत्तर आले: एकही फाइल नाही. नोंदी तर त्याच संगणकात होत्या!

शोधसाधन दर वेळी सगळ्या फाइली उघडून पाहत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची ते आधीच तयार करून ठेवते व तीतच पाहते. सूचीत न आलेला शब्द त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. म्हणून प्रथम पाहावे, आपला फोल्डर सूचीसाठी निवडला आहे का? फाइलच्या नावाबरोबर आतला मजकूरही सूचीत जातो का? पान स्कॅन केलेले असेल, तर ते नुसते चित्र. अक्षरओळख करून घेतल्याशिवाय त्यात शब्द नसतात.

आमची अडचण वेगळीच निघाली. फाइली ‘कृतिदेव’ टंकात होत्या. अशा जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. पडद्यावर ‘कमल’ दिसते, साठवलेले असते डी, ई, वाय. ‘गणित’मधल्या ‘ण’साठी तर पूर्णविराम आणि के लागतात, सूची करताना तिथे शब्द तुटूही शकतो. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ मानक आले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे. तरी जुने टंक पुढे कित्येक वर्षे चालत राहिले. उपाय एवढाच: मूळ प्रत जपून फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि सूची नव्याने करवून घ्यावी.

तसे केल्यावरही ‘विहिरीत’ असलेल्या फाइली हुकल्याच. मराठीत सामान्यरूप होताना दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते, हे साधनाच्या गावी नव्हते. ‘विह’ एवढेच लिहिल्यावर त्या हाती आल्या.

मराठी न येणे हा साधनाचा उणेपणा म्हणता येईल. आमचा खरा आक्षेप त्याच्या उत्तरावर आहे. ‘मला वाचता आले नाही’ असे म्हणायच्या जागी ते ‘नाही’ म्हणते. पर्जन्यमापक पाहायचा राहिला, तर त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवावा, तिथे शून्य लिहू नये, असे आपण मुलांना शिकवतो. या साधनाने कोऱ्या रकान्यात शून्य लिहिले. विद्यार्थ्याच्या वहीत आपण ते चालवून घेतले नसते. यंत्राच्या पडद्यावर का चालवून घ्यावे?