चक्कीनाम्यापासून घोषवाक्यापर्यंत

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा करताना आपण कथा-कवितेकडे पाहतो, आत्मकथनांकडे पाहतो, अस्मितेच्या प्रश्नाकडे पाहतो. परंतु आपल्या घरांतल्या माणसांना खरोखर कोणती वाक्ये पाठ आहेत, याचा शोध आपल्या समीक्षेने फारसा घेतलेला नाही. नमाजेतल्या सुरा बाजूला ठेवू. त्यांची गोष्टच निराळी. त्यांच्यानंतर मात्र फिल्मी गाण्यांच्या जोडीला जी वाक्ये थोरामोठ्यांच्या जिभेवर सापडतात, ती जाहिरातींची असतात. कुकरची, टीव्हीची, वॉशिंग मशीनची, पंख्याची. जे वाक्य लाखो लोकांना न शिकवता पाठ होते, त्याला साहित्य म्हणा वा न म्हणा, त्याची समीक्षा व्हायला हवी. कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणाविषयी बोलतो, हे तीन प्रश्न आम्ही कवितेला विचारतो. तेच येथे विचारायचे आहेत.

नमुना म्हणून आम्ही दुसरबीड डोळ्यांसमोर ठेवतो. सिंदखेडराजा तालुक्यातले, जालना-मेहकर रस्त्यावरचे हे गाव. एका हाताला मराठवाडा, दुसऱ्या हाताला वऱ्हाड. अशा गावांतल्या मुस्लिम घरांत उंबऱ्याबाहेर वऱ्हाडी वळणाची मराठी आणि उंबऱ्याच्या आत दखनी वळणाची उर्दू चालते. 1967 मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. 1976 पासून त्या दूरदर्शनवर आल्या. म्हणजे खेड्यात वाक्य आधी पोहोचले आणि यंत्र कितीतरी वर्षांनी. शहरात घोषवाक्य हे खरेदीचे आमंत्रण होते. खेड्यात खरेदीचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते निव्वळ वाक्य म्हणून जगले. पोरांनी त्याची नक्कल केली, बायकांनी चेष्टेत वापरले. आपल्या गावांनी या वाक्यांचा आस्वाद ग्राहक होण्याआधी श्रोता म्हणून घेतला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सर्वांत गाजलेले वाक्य घेऊ. 'जो बीवी से करे प्यार, वो प्रेस्टिज से कैसे करे इनकार.' ऐंशीच्या दशकातले हे वाक्य. पुढे 2010 नंतरच्या दशकात अभिषेक आणि ऐश्वर्या बच्चन यांना घेऊन कंपनीने ते पुन्हा वापरले. रचना म्हणून ते पक्के आहे. प्यार आणि इनकार हा काफिया कानाला लगेच धरतो, आणि प्रश्न असा घातला आहे की 'नाही' म्हणणारा नवरा आपोआप गुन्हेगार ठरावा. पण कुकर वापरणारी बाई या वाक्यात कुठे आहे? ती बोलत नाही, तिच्याशी कोणी बोलतही नाही. दुकानदार आणि नवरा एकमेकांशी बोलतात आणि तिच्याविषयी बोलतात. पैसा त्याचा, इनकार त्याचा, प्यारही त्याचेच. तिच्या वाट्याला फक्त शिट्ट्या मोजणे येते.

या वाक्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. बीवी, प्यार, इनकार यांपैकी बीवी आणि इनकार हे शब्द सरळ उर्दूच्या घरातले. हिंदी जाहिरात आपल्या बोलीच्या लज्जतीवर वर्षानुवर्षे पोसली गेली, पण तिच्या पडद्यावरचे घर क्वचितच आपले होते. बोली घेतली, बोलणारा मात्र वगळला. 2019 मध्ये होळीच्या तोंडावर सर्फ एक्सेलच्या जाहिरातीत एक हिंदू मुलगी रंगाचा मारा स्वतःच्या अंगावर घेते आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मुस्लिम मुलाला नमाजेसाठी मशिदीपर्यंत पोहोचवते, एवढेच दाखवले होते. तेवढ्यावरून बहिष्काराची हाक दिली गेली, आणि रागाच्या भरात काहींनी त्याच नावाच्या एका संगणकीय प्रणालीलाही वाईट शेरे दिले. आपण न दिसण्याची सवय समाजाला किती जडली आहे, याचा तो पुरावा होता.

न्यायाने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. 'सर्फ की खरीदारी में ही समझदारी है' हे ऐंशीच्या दशकातले वाक्य ललिताजी नावाची बाई स्वतः बोलते. तिच्या हातात पिशवी आहे, पैसा आहे आणि हिशेब आहे. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली. त्या 2024 मध्ये वारल्या. ललिताजी घडवणारे अलीक पदमसी हे मुंबईच्या खोजा कुटुंबात जन्मलेले. घासाघीस करून सौदा घेणाऱ्या आपल्या आईवरून ही बाई सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. आईच्या स्वभावातून आलेले वाक्य बाईच्या तोंडी शोभते. दुकानदाराने रचलेले वाक्य तिच्या डोक्यावरून जाते. आमच्या मते या दोन घोषवाक्यांतला वाङ्मयीन फरक एवढाच आहे आणि तो लहान नाही.

आता वॉशिंग मशीनकडे येऊ. व्हिडिओकॉनची जाहिरात आपल्याला परकी नव्हती. दुसरबीडहून जालन्यामार्गे औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) गेले की तिथून जवळच चितेगावला त्या कंपनीचा कारखाना होता. यंत्र धुते, खंगाळते आणि वाळवतेही, तेही काही मिनिटांत, असे ती जाहिरात इंग्रजीत गाऊन सांगे. 2018 मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. जाहिरातीची चाल मात्र अजून लोकांच्या कानांत आहे. या 'काही मिनिटां'ना आपल्या घरांतून दोन उत्तरे मिळाली. पहिले विजेचे. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातले कित्येक तास भारनियमन होते. तेव्हा यंत्र होते तिथेही मिनिटांचे तास झाले. दुसरे उत्तर आपल्या बायकांचे. त्यांनी विचारले, तीन पाण्यांतून निघते का?

हा प्रश्न साधा नाही. नजासत लागलेला कपडा तीनदा धुवावा आणि दरवेळी पिळावा, हा हनफी घरांत लहानपणी शिकवला जाणारा मसला आहे. म्हणून आजही कित्येक घरांत मशीनमधून काढलेले कपडे बादलीत किंवा नळाखाली पुन्हा खंगाळले जातात आणि मगच सुकवणीच्या टाकीत जातात. जाहिरातीला साफ हा एकच शब्द ठाऊक आहे. आपल्याकडे साफ आणि पाक हे दोन वेगळे शब्द आहेत. पांढराशुभ्र कपडा नापाक असू शकतो, आणि डाग राहिलेला कपडा पाक असू शकतो. पाकीला ईमानाचा अर्धा हिस्सा सांगणारी हदीस ज्या बाईच्या कानावर आहे, ती चकाकी पाहून भुलत नाही. घोषवाक्याला न जुमानता तिने यंत्राला आपल्या कायद्यात बसवले. ही प्रतिक्रिया आमच्या दृष्टीने समीक्षाच आहे, फक्त ती कागदावर आलेली नाही.

व्हॅक्यूम क्लीनरची गोष्ट याहून गमतीची. ब्रिटनमध्ये 'नथिंग सक्स लाईक ॲन इलेक्ट्रोलक्स' हे वाक्य गाजले. धूळ ओढण्यात याच्यासारखे कोणी नाही, हा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकेच्या बोलीत त्याच क्रियापदाचा अर्थ 'अगदी भिकार असणे' असा होतो. म्हणून स्वीडनच्या कंपनीला इंग्रजी कळले नाही, अशी दंतकथा पसरली. वस्तुतः ते वाक्य ब्रिटिश जाहिरातवाल्यांनी जाणूनबुजून, यमक साधून लिहिले होते. याच इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत भारतात 1982 मध्ये युरेका फोर्ब्ज ही कंपनी निघाली आणि तिने व्हॅक्यूम क्लीनर दारोदार विकला. तिथे घोषवाक्याचे काम विक्रेत्याने केले. तो दार वाजवी, घरातली गादी झाडून दाखवी आणि निघालेली धूळ मालकिणीसमोर ठेवी. लाज वाटायला लावणारे ते प्रात्यक्षिक कोणत्याही यमकापेक्षा जोरदार होते.

पण शेणाने सारवलेल्या जमिनीला आणि शिंदीच्या फड्याला या यंत्राची गरज काय? ते गालिच्यासाठी जन्मले, आणि आपल्या खेड्यांत गालिचा घरात नव्हता. मशिदींत चटयांच्या जागी गालिच्यांच्या सफा आल्या, तेव्हा कुठे हे यंत्र आपल्या ओळखीचे झाले. तेही कोणत्याही घोषवाक्याशिवाय. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही आणि त्याचे एकही वाक्य कोणाला पाठ नाही. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. नुसत्या यमकाने वाक्य टिकत नाही. ज्या कामात हात गुंतले आहेत, त्या कामाचे वाक्यच जिभेवर बसते.

काही वाक्ये मात्र टिकली, आणि त्यांनी नुकसानही केले. ओनिडा टीव्हीचे 'शेजाऱ्याला हेवा, मालकाला अभिमान' या आशयाचे इंग्रजी वाक्य आणि शिंगे-शेपटीचा तो सैतान आठवा. आपल्याकडे काही बुजुर्ग टीव्हीला 'शैतान का डिब्बा' म्हणत होते; कंपनीने खुद्द सैतानालाच विक्रेता केले. विनोद बाजूला ठेवू. मक्तबात पोराला ज्या पहिल्या सुरा शिकवतात, त्यांत सूरह फलक असते आणि तिचा शेवट हसद करणाऱ्याच्या उपद्रवापासून आसरा मागण्याने होतो. ज्या हसदपासून आपण रोज पनाह मागतो, तीच या वाक्याने वस्तूचा गुण म्हणून विकली. आणि आपण ती घेतली. आज निकाहच्या वेळी फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन मांडून दाखवण्याची जी रीत पडली आहे, ती दुसरे काय सांगते? जहेजची यादी म्हणजे या घोषवाक्याचा आपण केलेला अनुवाद आहे. त्याची किंमत मुलीचा बाप कर्ज काढून मोजतो.

जहेजचे समर्थन करताना हजरत फातिमा (रजि.) यांचा दाखला दिला जातो. रिवायतींत त्यांच्या संसाराला दिलेल्या वस्तू मोजक्या आहेत : पांघरूण, पाण्याची मशक, गवत भरलेली चामड्याची उशी, आणि काही रिवायतींत जाते. त्याच जात्याने त्यांच्या हातांना घट्टे पडले. त्यांनी मदतीला सेवक मागितला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना झोपण्यापूर्वी म्हणायची तसबीह शिकवली. तिची तुलना बाजारी वाक्याशी करणे बेअदबी होईल. आम्ही ती करत नाही. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की कष्टणारा हात आणि ओठांवरचे शब्द यांचे नाते आपल्या परंपरेत फार जुने आहे, आणि त्यात शब्द कष्ट करणारीच्या मालकीचे असतात.

दख्खनमध्ये हे नाते काव्यात उतरले. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले. दळताना, सूत काततानाच म्हणायच्या या रचना. त्यांत जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा दिली आहे. हात खुंट्यावर आणि मन अल्लाहच्या नावावर. रिचर्ड ईटन यांनी 1978 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की सूफींचा विचार दख्खनच्या सामान्य बायकांपर्यंत पोथ्यांपेक्षा या गाण्यांतून पोहोचला. शेजारच्या घरात त्याच वेळी जात्यावरची ओवी चालली होती. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी मिळवलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ओवीतली बाई भावाविषयी, सासूविषयी, देवाविषयी स्वतः बोलते. वऱ्हाडात विजेच्या गिरणीलाही चक्की म्हणतात. नाव टिकले, पण दळणारीचा आवाज गिरणीच्या आवाजात बुडाला. ती जागा रिकामी झाली आणि तिथे घोषवाक्य येऊन बसले.

म्हणून आमची तक्रार यंत्राबद्दल नाही. जात्याचे घट्टे गेले हे चांगलेच झाले; ज्यांनी दळले नाही त्यांनीच दळण्याचे गोडवे गावेत. तक्रार अशी की कष्ट कमी होताना बाईचा शब्दही गेला, आणि तो तिला परत देण्याचे काम ज्यांचे होते, त्या आम्ही लिहिणाऱ्यांनी ते केले नाही. आमच्या कथांत दंगल आहे, तलाक आहे, संशयाची नजर आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण मशीनमधले कपडे तिसऱ्यांदा खंगाळणारी बाई किती कथांत आहे? जहेजच्या फ्रिजचा हप्ता फेडणाऱ्या बापाचे घर किती कवितांत आहे?

एक काम तातडीचे आहे. दुसरबीडसारख्या गावांत दळताना म्हटलेले बोल ज्यांना आठवतात, अशा नानी-दादी अजून आहेत. दखनी असोत वा मराठी, ते बोल उतरवून घ्यावेत. आणि त्याच बैठकीत त्यांना विचारावे, मिक्सरबद्दल, मशीनबद्दल तुमचे म्हणणे काय? ते म्हणणेही शब्दशः लिहावे. जाहिरातवाल्यांनी हा प्रश्न त्यांना कधी विचारला नाही. आपण तरी विचारला पाहिजे.