न पाहिलेल्याचे अस्तित्व

होर्हे लुईस बोर्हेस आणि आदोल्फो बिओय कासारेस यांनी संयुक्तपणे लिहिलेली ‘एस्से एस्त पेर्सिपी’ ही छोटी कथा १९६७ साली ग्रंथरूपात आली. ‘असणे म्हणजे जाणिवेचा विषय होणे’ हे बर्कलेचे सूत्र हेच तिचे शीर्षक आहे. बुएनोस आयर्समधील नून्येस भागात नेहमीच्या जागी असलेले रिव्हर प्लेट संघाचे भव्य क्रीडागार नाहीसे झाल्याचे निवेदकाच्या ध्यानात येते. त्याचा उलगडा करून घेण्यासाठी तो एका क्लबचा अध्यक्ष सावास्तानो याच्याकडे जातो. तेथे त्याला कळते की सामने, संघ, गोल यांपैकी काहीच उरलेले नाही. फुटबॉलचा अखेरचा सामना २४ जून १९३७ रोजी झाला. त्यानंतर फुटबॉल हा एक नाट्यप्रकार आहे. ध्वनिक्षेपणाच्या खोलीत बसलेला एकटा निवेदक किंवा कॅमेऱ्यासमोर संघाचे कपडे घातलेले नट तो सादर करतात.

प्रसारमाध्यमांनी वास्तवाचा घास घेतल्याचे हे भाकीत आहे, असा या कथेचा अन्वय सहज लावता येतो. बोद्रियारचा प्रतिरूपांविषयीचा ग्रंथ १९८१ सालचा. कथा त्याच्या चौदा वर्षे आधीची. तथापि या अन्वयात कथा केवळ सिद्धान्ताचे उदाहरण होऊन बसते आणि तिच्या संहितेतील दोन गोष्टी दृष्टीआड होतात.

पहिली गोष्ट कालक्रमाची. ज्याच्या अभावाने कथेचा आरंभ होतो, त्या रिव्हर प्लेटच्या क्रीडागाराचे उद्घाटन १९३८ साली झाले; म्हणजे कथेतील ‘अखेरच्या’ सामन्यानंतर. कथेच्या तर्काने पाहता त्या मैदानावर खरा सामना कधी झालेलाच नाही. निवेदक ज्याच्या नाहीसे होण्याने व्यथित होतो, ती वास्तू त्याच्या अनुभवात आरंभापासूनच कल्पिताचा भाग होती. खरे आधी होते आणि खोटे नंतर आले, ही सोयीची विभागणी त्यामुळे डळमळते.

दुसरी गोष्ट शेवटाची. हे गुपित फोडणार नाही अशी शपथ निवेदक घेतो आणि ती घेताना ज्यांचे मिथ्यापण त्याला नुकतेच कळले आहे, त्या खेळाडूंचीही नावे घेतो. ज्ञानाने श्रद्धा ढळत नाही. अध्यक्षालाही त्याच्या मौनाची फारशी गरज वाटत नाही, कारण त्याने काहीही सांगितले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही याची त्याला खात्री आहे. येथे फसवणूक झाकण्याचे श्रम कोणालाच करावे लागत नाहीत. फसणाऱ्यांची संमती तेवढी पुरते.

महाभारतातील संजय युद्ध सांगतो तेव्हा कुरुक्षेत्रावर युद्ध चालू असते. सावास्तानोच्या व्यवस्थेत संजय आहे, धृतराष्ट्र आहे. कुरुक्षेत्र तेवढे नाही. वेदान्तातील दृष्टिसृष्टिवादाशीही या कल्पनेचे साम्य जाणवेल. परंतु तेथे सृष्टीचे मिथ्यात्व ओळखणे ही मुक्तीची वाट असते, तर येथे ती ओळख निवेदकाला अधिकच बांधून टाकते. बर्कलेच्या दर्शनात कोणी पाहत नसतानाही वस्तू टिकते, कारण ईश्वर अखंड पाहत असतो. कथेत ईश्वराची ती जागा प्रक्षेपण केंद्राने घेतली आहे. साहजिकच ते केंद्र ज्याच्याकडे पाहत नाही, त्याचे काय होते, हा प्रश्न उरतो. कथा तो उच्चारत नाही. इतिहासाने तो उच्चारला.

१९७८ साली विश्वचषक स्पर्धा लष्करी राजवटीखालील अर्जेंटिनात झाली. २५ जून रोजी त्याच नून्येसमधील त्याच क्रीडागारात यजमान संघाने नेदरलँड्सवर जादा वेळेत ३–१ असा विजय मिळवला. खेळाडू खरे होते, गोल खरे होते. परदेशी प्रेक्षकांसाठी प्रक्षेपण रंगीत होते. अर्जेंटिनातील घरोघरी मात्र चित्र कृष्णधवलच दिसले. क्रीडागारापासून थोड्याच अंतरावर नौदलाच्या यांत्रिकी विद्यालयात पकडून आणलेल्या माणसांचा छळ चालू होता. तेथे कॅमेरा नव्हता. १९७९ साली पत्रकारांनी विचारले असता हुकूमशहा विदेलाने बेपत्ता माणूस जिवंतही नाही आणि मृतही नाही, त्याला अस्तित्वच नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. बर्कलेच्या सूत्राची याहून भीषण उलटापालट कल्पिणे कठीण आहे.

कथेचे खरे सामर्थ्य या उलट बाजूने पाहिल्यावर प्रत्ययाला येते. जे दाखवले जाते ते खोटे असेल, ही भीती तुलनेने किरकोळ होय; जे दाखवले जात नाही ते नाहीच असे ठरते, हा तिच्यातील गाभ्याचा धोका आहे. हा अर्थ लेखकांच्या हेतूत होता असे मानण्याचे कारण नाही. खुद्द बोर्हेस १९७६ साली विदेलाच्या भोजनाला उपस्थित होते. बेपत्ता लोकांविषयीच्या निवेदनावर त्यांनी सही केली ती १९८० साली, आणि १९८५ साली सेनाधिकाऱ्यांवरील खटल्यात एका पीडिताची साक्ष त्यांनी न्यायालयात बसून ऐकली. सावास्तानोच्या खोलीतून मौनाची शपथ घेऊन बाहेर पडलेल्या निवेदकाने जे केले नाही, ते त्याच्या एका निर्मात्याला अखेर करावे लागले. लेखकाच्या आधी त्याची कथा कोठवर पोहोचलेली असते, हे यातून दिसते. तिचे मूल्यमापन भाकिताच्या अचूकपणावर न करता या अंतरावर करणे अधिक न्याय्य ठरेल.