उद्देशिकेचे दोन पाठ आणि समाजमाध्यमांतील वाचक

संहितेचा कोणता पाठ केव्हाचा, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकास नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथसमाप्तीचा शके १२१२ हा उल्लेख त्या प्रतीत कायम राहिला आणि संशोधनाचा शक त्यापुढे वेगळा नोंदविला गेला. मूळ कर्ता कोण, संशोधक कोण व दोहोंमध्ये काळाचे अंतर किती, हे त्यामुळे प्रत स्वतःच सांगते. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेविषयी समाजमाध्यमांत जो वाद पुनःपुन्हा उद्भवतो, त्यात नेमका हाच विवेक हरपलेला दिसतो.

उद्देशिकेचे दोन पाठ आहेत. संविधानसभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या पाठात भारताचे वर्णन सार्वभौम लोकशाही गणराज्य असे होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यात ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ ही दोन विशेषणे घातली आणि राष्ट्राच्या ‘एकते’ला ‘एकात्मते’ची जोड दिली. हा बदल ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आला. अखेरची तारीख मात्र १९४९ चीच राहिली. अधिकृत मुद्रणात दुरुस्तीची नोंद तळटीपेत असते. समाजमाध्यमांत बहुधा फिरते ते केवळ चित्र: व्यौहार राममनोहर सिन्हा यांनी सजविलेले मूळ पृष्ठ तरी, नाही तर सुधारित मजकुराचा फलक तरी. दोहोंवर तारीख एकच, आणि तळटीप गळालेली.

यातून परस्परविरुद्ध असे दोन भ्रम संभवतात. ज्याला सुधारित पाठ मुखोद्गत आहे, त्याला मूळ पृष्ठ पाहताच कोणी तरी शब्द खोडल्याचा संशय येतो. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाच्या एका जाहिरातीत मूळ पृष्ठ छापले गेले, तेव्हा वाद माजला. मूळ पाठच का निवडला, ही शंका घेण्याचा अधिकार नागरिकाला आहेच. परंतु निवडीविषयीची शंका आणि पाठ बनावट असल्याचा आरोप या दोन भिन्न गोष्टी होत. उलटपक्षी, ज्याला १९७६ ची हकीकत नुकतीच कळली आहे, तो शब्दाचा जन्म हाच कल्पनेचा जन्म मानतो. हा भ्रम पहिल्याहून सूक्ष्म आहे. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी सरन्यायाधीश सिक्री यांनी संविधानाचे धर्मनिरपेक्ष स्वरूप हे त्याच्या मूलभूत लक्षणांत गणले. तेव्हा तो शब्द उद्देशिकेत नव्हता.

शब्दाची गोष्टही समजली जाते तितकी सरळ नाही. ‘सेक्युलर’ हे इंग्रजी पद संविधानात आरंभापासून आहे. अनुच्छेद २५ मध्ये ते धर्माचरणाशी निगडित अशा ऐहिक व्यवहारांना उद्देशून येते. हिंदी पाठ तेथे ‘लौकिक’ म्हणतो, उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’ म्हणतो, तर मराठी उद्देशिका ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द योजते. एका पदाच्या या तीन प्रतिशब्दांतील अर्थच्छटा वेगवेगळ्या आहेत. त्यांपैकी एकच घेऊन वाद घालणारा संविधानाशी वाद घालत नसून अनुवादाशी घालत असतो.

अवतरणांची स्थिती याहून शोचनीय आहे. डॉ. आंबेडकरांनी हे दोन्ही शब्द नाकारले, असे ठासून सांगितले जाते. वस्तुतः १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी जी सुधारणा मांडली ती उद्देशिकेस नव्हे, तर पहिल्या अनुच्छेदास होती, आणि तिच्यात ‘संघराज्यात्मक’ या अर्थाचे तिसरेही विशेषण होते. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा रोख समाजरचनेवर होता: समाजाची आर्थिक घडण कशी असावी हे पुढील पिढ्यांनी ठरवावे, संविधानाने त्यांना बांधून ठेवू नये, शिवाय त्या दिशेची तत्त्वे मार्गदर्शक तत्त्वांत आलेलीच आहेत. हे उत्तर धर्मनिरपेक्षतेचा अव्हेर म्हणून उद्धृत करणे म्हणजे वक्त्याच्या तोंडी भलताच अर्थ घालणे होय.

सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या आणि स्वीकृतीच्या तारखेने दुरुस्तीचा अधिकार मर्यादित होत नाही, असे स्पष्ट केले. कायद्याचा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला. वाचनाचा प्रश्न तसाच राहिला आहे. लोक अज्ञानी आहेत, एवढे म्हणून तो सुटत नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शाळांतून उद्देशिकेच्या सामूहिक वाचनाचा निर्णय झाला, तो स्वागतार्हच होता. परंतु मराठीत ‘पाठांतर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: मुखोद्गत करणे आणि पाठभेद. विद्यार्थ्याला पहिला तेवढा दिला आणि दुसरा दिला नाही, तर पुढे भिन्न पाठ दिसताच तो त्यास कपट समजेल. कारण ग्रंथाला इतिहास असतो, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

ज्या संहितेच्या आधारे नागरिक शासनाला जाब विचारतो, तिचा कोणता शब्द कोणी व केव्हा घातला हे त्याला ठाऊक नसेल, तर त्याचा जाब पहिल्याच उलटतपासणीत ढासळतो. भाषाविभागांनी पाठचिकित्सा प्राचीन पोथ्यांपुरती राखून ठेवू नये. उद्देशिका तळटीपेसह शिकविणे हे पदव्युत्तर वर्गास सहज शक्य असलेले कार्य आहे, आणि त्यासाठी एका तासिकेहून अधिक वेळ लागणार नाही.